पाणी नळाचे की बाटलीचे?

पाणी सर्वांना लागते. माणसाला लागते, गुराढोरांना लागते, पिकाला लागते. पण प्यायला कोणते पाणी घ्यावे? नळाचे की बाटलीचे? या पाठात आपण त्याचा विचार करू.

हल्ली गावोगावी पाण्याचे जार येतात. लग्न असो की बारसे, मांडवात जार हवाच. आमच्या घरीही दोन वर्षे रोज जार येत होता. नळाला गढूळ पाणी येई. तक्रार कोण करीत बसणार? आम्ही जार लावला आणि गप्प बसलो.

एका पावसाळ्यात खालच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एका मजुरणीचे तान्हे लेकरू फार आजारी पडले. त्याला तालुक्याला न्यावे लागले. चौथ्या दिवशी ते सावरले. आम्ही विचारपूस करायला गेलो. ती बाई म्हणाली, "गुरुजी, नळाचं पाणी घाण हाय, हे तुमाला ठावं नव्हतं का?"

आम्हाला ठाऊक होते. म्हणून तर आम्ही जार घेत होतो. आम्ही मान खाली घातली.

पुढच्या ग्रामसभेत आम्ही हा विषय काढला. शोध केला, तेव्हा गटाराजवळ पाइप फुटलेला सापडला. नळ चालू असताना तिथून पाणी गळे. नळ बंद झाला, की पाइपातला जोर जाई आणि गटाराचे पाणी आत शिरे. तेच पाणी घरोघर जाई. पाइप दुरुस्त झाला. हे काम दोन वर्षे आधी झाले असते. पण ज्यांचे बोलणे ऐकले जाते, ती आम्ही माणसे जार पीत होतो.

मग जारचे पाणी तरी चांगले असते का? सीलबंद बाटलीवर कंपनीचे नाव, परवान्याचा नंबर आणि तारीख छापलेली असते. आता जार पाहा. पुष्कळ जारांवर काहीच लिहिलेले नसते. पाणी कोणी भरले? केव्हा भरले? जार धुतला होता का? काही कळत नाही. पाणी गार आहे, एवढेच कळते. गार पाण्यातही रोगजंतू असू शकतात.

आता हिशेब करू. जार ३० रुपयांना पडतो असे धरा. रोज एक जार घेतला, तर महिन्याचे ९०० रुपये झाले. वर्षाचे झाले १०,८०० रुपये. आता आपली पाणीपट्टीची पावती काढा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा.

२०१९ साली केंद्र सरकारने जलजीवन मिशन सुरू केले. खेड्यातल्या दर माणसाला रोज ५५ लिटर चांगले पाणी नळाने मिळावे, असे त्यात ठरले. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवावे, अशीही सोय त्यात आहे. आपल्या गावात त्या पाचजणी कोण, ते विचारा. टाकीत टी.सी.एल. पावडर रोज पडते का, तेही विचारा. तपासणी सोपी आहे. नळाच्या पाण्यात ओ.टी.चे औषध टाकतात. पाणी पिवळे झाले, तर पावडर पडली आहे असे समजावे.

घरीही काळजी घ्यावी. पाणी दुहेरी फडक्याने गाळावे. शंका असेल तर खळखळ उकळावे. झाकून ठेवावे. लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. मात्र उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने दात आणि हाडे बिघडतात. तिथे उकळणे पुरे पडत नाही. तिथे दुसऱ्या ठिकाणचे किंवा यंत्राने शुद्ध केलेले पाणीच प्यावे.

प्रवासात कधी बाटली घ्यावी लागते. पण रिकाम्या बाटलीचे काय करावे? ती जाळू नये. तिचा धूर विषारी असतो. गटारात टाकू नये. गटार तुंबते, डास होतात. आपल्या आजीने जुन्या लुगड्याची गोधडी शिवली, फुटकी भांडी मोडीत घातली. तिने काही फुकट घालवले नाही. तसेच बाटलीचे करावे. बाटल्या चेपून पोत्यात साठवाव्या आणि भंगारवाल्याला द्याव्या. कारखान्यात त्यांचा चुरा करतात, धुतात आणि त्याचा धागा काढतात. त्या धाग्याचे कापड होते. बाटली चेपली, म्हणजे तिच्यात पुन्हा कोणी खोटे पाणी भरून विकणार नाही.

मंडळी, जार विकत घेणे हा गुन्हा नाही. पण जार घेतला म्हणून नळाकडे पाठ फिरवू नये. शेजारच्या लेकराला तेच पाणी प्यावे लागते.

ध्यानात ठेवा
१. पाणी गढूळ आले, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवा.
२. सील नसलेल्या जारच्या पाण्यावर विश्वास ठेवू नका.
३. बाटली जाळू नका, चेपून भंगारात द्या.

सांगा पाहू
१. फुटक्या पाइपात घाण पाणी केव्हा शिरते?
२. गुरुजींनी मान खाली का घातली?
३. तुमच्या घरी पाण्यावर वर्षाला किती रुपये जातात? हिशेब वहीत लिहा.