कोणत्याच वहीत नाव नसलेली मुले

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीची, नोंद असते. कोणी किती उचल घेतली तेही तेथे लिहिलेले असते. बिऱ्हाडासोबत निघालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे नाव मात्र त्या वहीत नसते. पहाटे आईवडील फडात गेले की पाणी भरणे, भाकरी थापणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे व सवड मिळताच वाढ्यांच्या मोळ्या बांधणे ही तिची कामे होत. तिच्या श्रमांवर कोयता चालतो; मजुरी मात्र कोयत्याच्या नावे मांडली जाते.

गावातही तिची स्थिती निराळी नाही. सहा वर्षांपर्यंतच्या बालकाची विचारपूस अंगणवाडीत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयोगटातील मुलांना शोधून शाळेत आणणे बंधनकारक आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की मतदार यादीत नाव येते. मधल्या चार वर्षांत मात्र शाळा सुटलेल्या मुलाकडे पाहणे हे कोणा एकाचे काम राहत नाही. शिक्षक समजतात, मूल आईबापांबरोबर गेले. आईबाप समजतात, त्याची शाळा संपली.

या वयासाठी कायदे नाहीत असे नव्हे. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ ते १८ वर्षांच्या किशोरांना धोकादायक कामावर ठेवण्यास मनाई केली. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह बालविवाह ठरतो, आणि राज्याच्या ग्रामीण भागात तो रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर सोपविण्यात आली. परंतु ज्या मुलीची वर्षभर कोणी चौकशी केली नाही, तिच्या विवाहाची वार्ता हळद लागल्यावरच कानी येते. कोयत्याला जोडी लागते, हे येथे विसरून चालत नाही.

उपाय खर्चिक नाही. हंगामापूर्वी ग्रामपंचायतीने शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा सेविका यांच्या साहाय्याने १४ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीची यादी करावी. शेवटची इयत्ता कोणती, कोण कोठे चालले, मागे राहणारे कोणाजवळ राहणार, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची माहिती पालकांना वेळेवर द्यावी. शाळा सुटलेल्यांना १७ क्रमांकाचा अर्ज भरून दहावीस खासगीरीत्या बसता येते, हेही सांगावे. संकटप्रसंगी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक मुलांना पाठ असावा.

बिऱ्हाडे परतल्यावर हीच यादी ग्रामसभेत पुन्हा वाचली जावी. गेलेले मूल परत आले काय, एवढा प्रश्न गावाने विचारला, तरी त्या मुलाकडे पाहणारे कोणीतरी आहे हे त्याला कळेल.