हात आणि नोंदवही
व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४६ साली डॉक्टरांच्या प्रसूती विभागात शेकडा ११ हून अधिक माता दगावल्या. सुइणींच्या विभागात ३ हूनही कमी. शवविच्छेदन करून आलेले हातच रोग पसरवतात, हे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी ताडले. १८४७ साली त्यांनी क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम घातला. १८४८ मध्ये डॉक्टरांच्या विभागातील प्रमाण शेकडा सव्वापर्यंत उतरले.

नोंद होती म्हणून दोष दिसला. नियम सर्वांना लागू झाला म्हणून तो दूर झाला. संसर्ग प्रतिबंधक कार्यक्रमाचा पाया हाच होय. आपल्या आरोग्य केंद्रात प्रसूतिकक्षाजवळ पाणी व साबण आहे काय, बाळंतपणानंतर ताप आलेल्या मातांची नोंद होते काय, हे पंचायत सदस्यांनी अवश्य पाहावे.