खाडीकाठची गळाची मासेमारी व हंगामाचे नियम

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत असा शेतकरी विरळाच, ज्याच्या घरात भाताच्या कणगीशेजारी एखादा गळ वा पाग नाही. लावणी व कापणी यांमधील मोकळ्या दिवसांत, तसेच रब्बीच्या वालाची पेरणी आटोपल्यावर खाडीच्या काठी जाऊन घरच्या कालवणापुरती मासळी आणणे ही येथील जुनी रीत आहे. हा धंदा नव्हे. यात हौसही आहे आणि आहाराची सोयही. अलीकडे शहरांतून सुट्टीसाठी येणारे हौशी लोकही काठी व चक्री घेऊन खडकांवर उभे राहिलेले दिसतात. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाताइतकीच खाडीच्या पिकाचीही माहिती ठेवणे योग्य ठरेल.

खाडीचे पीक आपण पेरीत नाही, केवळ कापतो. म्हणूनच केव्हा कापावे, किती कापावे व बियाण्यासाठी काय राखावे, हा विचार येथे अधिक काटेकोरपणे करावा लागतो. प्रस्तुत लेखात गळाच्या मासेमारीची पद्धत, हंगामाचे व आकाराचे नियम आणि खारजमिनीच्या शेतकऱ्याने घ्यावयाची विशेष दक्षता, अशा तीन गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे.

भरती-ओहोटीचे गणित

समुद्राच्या मासेमारीत घड्याळापेक्षा तिथीला महत्त्व आहे. आपल्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. जुन्या मच्छीमारांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा अंक घ्यावा, त्यास तीनने गुणावे व चारने भागावे. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. उदाहरणार्थ, षष्ठीस ६ × ३ ÷ ४ म्हणजे साडेचार वाजता भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेस हाच हिशेब सव्वाअकरा दाखवितो. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असे मोजावे. हा हिशेब मुंबई व रायगडच्या किनाऱ्यासाठी ठोकळमानाने बरोबर आहे. दक्षिणेकडे सिंधुदुर्गाच्या बाजूस भरती काहीशी लवकर येते.

अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी जोराने चढते व जोराने उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो व पाण्याची ओढ मंद असते. गळासाठी फार जोराचे पाणी उपयोगी नाही, कारण शिसे तळाशी ठरत नाही. अगदी मंद पाण्यात मासा फिरत नाही. भरती लागल्यापासूनचे पहिले दोन-तीन तास आणि ओहोटी लागतानाचा काळ सर्वांत चांगला. भरतीबरोबर लहान कोळंबी व बोयी काठाकडे येतात व त्यांच्या मागे तांबोशी, जिताडा, गोबरा यांसारखे शिकारी मासे येतात. ओहोटीस हेच मासे खाडीच्या वळणावर व ओढ्याच्या मुखाशी दबा धरून बसतात. पहाट व सायंकाळ या वेळांशी भरतीची गाठ पडल्यास उत्तम.

साहित्य

साहित्य थोडे असावे. परंतु चांगले असावे. खाडीतील नेहमीच्या मासेमारीस ०.४० ते ०.६० मि.मी. जाडीचा नायलॉनचा दोर पुरतो. सुरमई व टोळ यांसारखे तीक्ष्ण दातांचे मासे दोर कापून नेतात, म्हणून अशा ठिकाणी गळाच्या वर वीतभर तार लावावी. गळाच्या क्रमांकाविषयी अनेकांचा गोंधळ होतो. साध्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका गळ लहान. नगली, ज्यास रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुडदुशी म्हणतात, व काळुंदर यांच्यासाठी ८ ते १० क्रमांकाचा गळ घ्यावा. ज्या क्रमांकाच्या पुढे तिरकी रेघ व शून्य असते, त्यात आकडा वाढेल तसा गळही वाढतो. तांबोशी व जिताडा यांस अशा ३ ते ५ आकड्याचा गळ लागतो.

टोक आत वळलेला गोल गळ मिळाल्यास तो पसंत करावा. साधा गळ मासा गिळून टाकतो व त्याचे आतडे फाटते. गोल गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे सोडून देण्याजोगा मासा जिवंत सोडता येतो. हा गळ वापरताना झटका देऊ नये. दोर ताणला गेला की सावकाश ओढ घ्यावी. गळ आपोआप बसतो.

आमिष त्याच खाडीतील असावे. जिवंत कोळंबी हे सर्वांत खात्रीचे आमिष होय. ती शेपटीजवळ टोचावी, म्हणजे पोहत राहते. माकुळाचे किंवा बांगड्याचे तुकडे कठीण असल्याने गळावर टिकतात. जिताड्यासाठी जिवंत बोयीसारखे आमिष नाही. चिंबोरीसाठी फग वापरावा. त्यात माशाचे डोके बांधून तो भरती लागताना सोडला की पाऊण तासाने उचलून पाहावा.

पाग फेकणाऱ्यांनी जाळ्याच्या आसाकडे लक्ष द्यावे. बारीक आसाच्या पागात कालवणाचा मासा थोडा व पिल्ले फार येतात. पिल्ले काठावर टाकून दिली जातात. हा शुद्ध नाश आहे.

हंगामाचे नियम

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली झाला व २०२१ साली त्यात महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या. या अधिनियमाखाली दरवर्षी पावसाळी मासेमारी बंदीचा आदेश निघतो. पूर्वी ही बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत वा १५ ऑगस्टपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. पुढे ती १ जून ते ३१ जुलै, अशी ६१ दिवसांची करण्यात आली. तारखांत फेरफार होऊ शकत असल्याने त्या वर्षीचा आदेश ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. बंदी यांत्रिक नौकांना लागू असते. वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक बिगरयांत्रिक नौकांना तीतून सूट दिली जाते.

तेव्हा काठावरून गळ टाकणाऱ्यास ही नौकांची बंदी आड येत नाही. तथापि बंदीमागील दोन्ही कारणे त्यालाही लागू आहेत. पहिले कारण जीविताचे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. खडकावर शेवाळ धरते, आणि बराच वेळ शांत दिसणाऱ्या पाण्यातून अवचित मोठी लाट येते. जून ते ऑगस्ट या काळात उघड्या समुद्राच्या खडकांवर गळ टाकण्यास जाऊ नये. खाडीच्या आतील काठ धरावा. दुसरे कारण वंशवृद्धीचे. बांगड्यासारखे अनेक मासे याच सुमारास अंडी देतात, आणि जिताडा नदी-खाडीच्या मुखाशी येतो.

आकाराचे नियम

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. त्यांपैकी नेहमीच्या काही माशांची लांबी अशी :

पापलेट : १३५ मि.मी.
हलवा : १७० मि.मी.
बोंबील : १८० मि.मी.
सुरमई : ३७० मि.मी.
घोळ : ७०० मि.मी.

याहून लहान मासा धरू नये. आपल्या राज्याने २०२३ साली चंदेरी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित केला, त्यामागेही त्याची घटती संख्या राखण्याचा हेतू आहे. सोबत मोजपट्टी नेणे कोणास जमत नाही. म्हणून गळाच्या काठीवर किंवा वल्ह्यावर या लांबीच्या खाचा कोराव्यात. मासा वर आला की खाचेशी लावावा. वाद राहत नाही.

या नियमात शेतकऱ्याचा तोटा आहे असे कोणास वाटल्यास त्याने पुढील हिशेब करावा. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन दुप्पट होत नाही. लांबी, रुंदी व जाडी अशा तिन्ही अंगांनी तो वाढत असल्याने वजन सुमारे आठपट होते. आज धरलेल्या आठ पिल्लांच्या बरोबरीचे मांस पुढे एकच मासा देतो, व त्यापूर्वी त्यास अंडी देण्याची संधीही मिळते. निसवण्यापूर्वीच भात कापून गुरांना घालणारा शेतकरी आपण शहाणा मानीत नाही.

लांबीच्या नियमाबरोबर आणखी काही पथ्ये पाळावीत. चिंबोरीच्या पोटाखालची झडप रुंद व गोलसर असल्यास ती मादी. अरुंद व त्रिकोणी असल्यास नर. झडपेखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी तत्काळ सोडून द्यावी. सोडावयाचा मासा ओल्या हाताने धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व तो रोगास बळी पडतो. गळ खोल गेला असल्यास तो उपटू नये. दोर तोंडाजवळ कापून मासा सोडावा.

सुरुंगाची दारू व विष घालून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. समुद्री कासव, डॉल्फिन, देवमासा, करवत मासा, समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. असा प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्यास सोडावे. छायाचित्राचा पुरावा ठेवल्यास जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आहे. तेथे गळ टाकण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी.

खारजमिनीच्या शेतकऱ्यांस विशेष सूचना

रायगड जिल्ह्यात व अन्यत्रही खारबंदिस्तीच्या उघाडीजवळ मासे धरण्याचा प्रघात आहे. पावसाळ्यात शेतातील गोडे पाणी उघाडीतून खाडीत पडते, व त्या प्रवाहाकडे जिताड्याची बोटाएवढी पिल्ले ओढली जातात. येथे दोन चुका सर्रास घडतात व दोन्ही महाग पडतात.

पहिली चूक म्हणजे मासळी आत यावी म्हणून भरतीच्या वेळी उघाडीची झडप उघडी ठेवणे. एका उधाणात आत आलेले खारे पाणी सबंध खाचरे बिघडविते. मातीत बसलेले मीठ धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. शिवाय नुकसान झडप उघडणाऱ्या एकट्याचे नसते. बांधाच्या आतील प्रत्येक खातेदाराचे असते. चिंबोऱ्यांसाठी बांध पोखरणे हाही याच जातीचा प्रमाद होय. बोटभर बीळ उधाणात खांड पाडते. गावाने उघाडीची राखण पाळीपाळीने करावी व हा विषय ग्रामसभेत ठरावाने मिटवावा.

दुसरी चूक म्हणजे उघाडीच्या तोंडाशी बारीक जाळे लावून पिल्लांचा टोपलीने संहार करणे. जिताड्याचे जीवन मोठे विलक्षण आहे. तो आरंभीची काही वर्षे नर असतो व मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे खाडीत दिसणारा मोठ्यात मोठा जिताडा बहुधा मादीच असते व तिच्या पोटात लाखो अंडी असतात. पिल्ले वाटेत मारली व मोठ्या माद्या पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी धरल्या, तर दोन्ही टोकांकडून वंश खुंटतो. मधल्या आकाराचा जिताडा पाऊस सरल्यावर गळाने धरावा; घरास तो पुष्कळ होतो.

पिल्ले मिळालीच तर ती कालवणात न घालता शेततळ्यात सोडावीत. पेण-अलिबाग भागातील शेतकरी घरालगतच्या तळ्यात जिताडा वाढवीत आले आहेत. तो खाऱ्या, मचूळ व गोड्या अशा तिन्ही पाण्यांत जगतो. मात्र मोठे पिल्लू लहानास खाते. म्हणून सारख्या आकाराची पिल्ले एकत्र ठेवावीत व वेळोवेळी निवड करावी. पुरेसे खाद्य मिळाल्यास वर्षभरात मासा किलोच्या आसपास जातो. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बीज कृत्रिम रीतीने तयार करण्यात यश मिळविले. त्यामुळे बीजासाठी खाडी उपसण्याचे कारण आता उरलेले नाही. बीजाविषयी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.

सुरक्षितता

एकट्याने जाऊ नये. परतीची वाट भरतीत बुडते की नाही हे आधी पाहावे. शिंगाळ्याचे काटे व पाकटाच्या शेपटीचा दंश फार वेदना देतो. दंश झाल्यास जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो अवयव अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने विषाची तीव्रता कमी होते. पाणी फार कढत नसल्याची खात्री दुसऱ्याने हात घालून करावी, व त्यानंतर डॉक्टरकडे जावे. तुटलेला नायलॉनचा दोर पाण्यात टाकू नये. तो कुजत नाही व कासवांच्या आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस एक सभा घ्यावी. तीत त्या वर्षीच्या बंदीच्या तारखा वाचून दाखवाव्यात, किमान लांबीच्या खाचा कोरलेली एक काठी गावाच्या समाजमंदिरात ठेवावी व उघाडीच्या राखणीच्या पाळ्या लावून द्याव्यात. सभेस शेतकऱ्यांबरोबर गावातील कोळी, गाबित, भोई बंधूंनाही आवर्जून बोलवावे. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे त्यांचे खाडीविषयीचे ज्ञान अधिक आहे, आणि हौशी माणसाने केलेल्या नासाडीची झळ सर्वांत आधी त्यांनाच लागते.

बियाण्याचे भात कितीही टंचाई आली तरी शेतकरी दळावयास काढीत नाही. खाडीतील पिल्ले व अंडीवाल्या माद्या हे तसेच राखून ठेवावयाचे बियाणे आहे, एवढे ध्यानी धरले तर पुढील पिढीच्या ताटातही कालवण राहील.