लेसरसाठी डॉक्टर कसा निवडावा?

प्रश्न : मुलगी २१ वर्षांची, चष्म्याचा नंबर उणे ४. लेसर मिरजेत करावं की पुण्यात?
– एक पालक, कुंडल

उत्तर : शहर किंवा यंत्रापेक्षा तपासणी पाहा. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याची जाडी आणि आकार मोजण्याआधीच तारीख देणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नका. हा पडदा शंकूसारखा होत असेल, तर लेसरने नजर आणखी बिघडू शकते. म्हणून ‘तुम्ही कुणाला नकार देता?’ हे नक्की विचारा. चांगला सर्जन कारणांसह सांगतो. शस्त्रक्रिया करणारेच नंतर तपासणार का, हेही विचारा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, महिन्याने जावं लागतं; त्यासाठी कुंडलहून मिरज सोयीचं. वर्षभरात नंबर बदलला असेल, तर सध्या थांबा.