घरात ज्वारी, माणसं बाहेर

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी असताना, किल्लारीची जमीन हादरली. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव नुकतंच झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरं माणसांवर बसली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली.

प्रस्तुत लेखक तेव्हा कॉलेजात होता. सोलापुरातून निघालेल्या मदतीच्या ट्रकमध्ये चढला आणि उमरग्याकडच्या एका गावात उतरला. तिथं त्याच्या हातून दोन चुका झाल्या. ढिगारा उपसताना नव्हे, बोलताना.

पत्र्याच्या शेडपुढं एक बाई चेपलेला पितळी तांब्या राखेनं घासत बसल्या होत्या. बुडाला चीर पडलेली, पाणी काही त्यात राहणार नव्हतं. लेखक शेजारी टेकला तशा त्या आपणहून म्हणाल्या, “लेकरं आत झोपल्याली. म्या तेवढी भाईर आल्ते...” त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “मावशी, झालं गेलं विसरा. आता पुढचं बघायचं.” बाई “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा तांब्या घासू लागल्या. आपण धीर दिला, असं लेखकाला वाटलं. खरं तर पुढचं ऐकणं त्यालाच झेपलं नसतं.

दुसरी चूक एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाची. म्हणजे त्याच्या बाबतीतली. शहरातून कुणी पाहणीला आलं, की लेखक त्याला हाक मारी. “सांग रे, त्या रात्री काय झालं?” पोरगा पाठ केलेल्या कवितेसारखं सगळं म्हणून दाखवायचा, पाहुणे डोळे पुसायचे. पाचव्या दिवशी हाक ऐकताच तो शेडमागे पळाला. ‘लाजाळू आहे’ म्हणून लेखकानं वेळ मारून नेली. एकीला बोलू दिलं नाही आणि दुसऱ्याला गप्प बसू दिलं नाही.

पुढं गावं नव्या जागी वसली. रुंद, सरळ रस्ते. जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरं. आखणी नेटकी होती, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी चार गल्ल्या लांब गेले. काही वर्षांनी लेखक पुन्हा गेला तेव्हा मावशींच्या घरात ज्वारीची पोती रचलेली आणि चूल, बाज, अंथरूण बाहेर पत्र्याखाली. “घरात जवारी झोपती बाबा, आमी भाईर,” म्हणून त्या हसल्या. पहाटे चारच्या आधी जाग यायची. रस्त्यावरून ट्रक गेला तरी छातीत धडधडायचं. त्यावर इंजेक्शन झाली, सलाईन झाली. भीतीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मालकांचं पिणं वाढलं होतं, तेही ‘पैसा आला की असंच’ या खात्यावर टाकून लोक मोकळे.

मनाकडे कुणी पाहिलंच नाही असं नाही. नाटक-सिनेमातून आपल्याला ठाऊक असलेले डॉ. मोहन आगाशे मुळात मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या पुढाकारानं या भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला. पण शेडच्या दाराशी पहिल्यांदा पोचतो तो बहुधा डॉक्टर नसतो. लेखकासारखाच कुणी हौशी असतो. हे त्याच्यासाठी.

आधी पाणी, पांघरूण, आडोसा आणि हरवलेल्या माणसांची खबर. समोरचा बोलला तर ऐका, उपदेश गिळा. बोलत नसेल तर खोदू नका. घडलेलं पुन्हा सांगायची सक्ती करू नये, असं आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. झोपेच्या गोळ्या आपल्या मनानं वाटू नका. ‘तुम्ही वाचलात हे नशीब’ असं तर चुकूनही म्हणू नका. ज्याची लेकरं गेली, त्याला वाचणं हाच अपराध वाटत असतो.

पहिले काही आठवडे दचकणं, झोप न लागणं, अन्न गोड न लागणं हे वेड नव्हे. बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात. महिना उलटूनही काम सुचत नसेल, दारू वाढत असेल, तर तज्ज्ञाकडे न्या. मरणाची भाषा आली तर महिन्याची वाट पाहू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, विनामूल्य.

आणि कॅलेंडर पाहत चला. अनंत चतुर्दशी आणि ३० सप्टेंबर क्वचितच शेजारी येतात, त्यामुळे तिकडे ती रात्र वर्षातून दोनदा उगवते, एकदा तिथीनं आणि एकदा तारखेनं. मदतीचे ट्रक परतल्यावरच्या वर्षांत या दोन्ही दिवशी कुणीतरी जायला हवं.

लेखक तसा गेला, एका चतुर्दशीला. काही न विचारता बाजेवर बसून राहिला. मावशींचं ते अर्धं राहिलेलं वाक्य त्या दिवशी पुरं झालं. दुपारचा चहा झाल्यावर त्यांनी सुरुवात केली, संपलं तेव्हा दिवे लागले होते.