फॉरमॅट मारण्याआधी थांबा! दुकानाच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकताना



लातूरची गंजगोलाई घ्या नाहीतर नांदेडचं वजिराबाद, दुकानाच्या काउंटरवर आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप हमखास दिसतो. त्याच्यावरच टॅली, त्याच्यावरच जीएसटी, त्याच्यावरच उधारीची एक्सेल. सकाळी चालू व्हायला दहा मिनिटं घेतो. मग कोणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारा अन् मोकळे व्हा."

विंडोज कसं टाकायचं ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. इथे त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम लिहून देतोय, कारण नुकसान तिथेच होतं. विंडोज चुकलं तर परत टाकता येतं. पुसलेली तीन वर्षांची उधारी परत येत नाही.

१. कोणतं विंडोज टाकायचं?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' ॲप टाका, तुमचा लॅपटॉप बसतो की नाही ते लगेच कळतं.

बसत नसेल तर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती टाका आणि वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे ही फक्त मुदतवाढ समजा, नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला लागा. "जुगाड करून ११ बसवून देतो" म्हणणारे भेटतील. बसतं, चालतंही, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

लॅपटॉपवर फक्त ब्राउझर आणि प्रिंटचं काम असेल तर लिनक्स मिंट मोफत आहे. टॅली वापरत असाल तर मात्र विंडोजच ठेवा.

२. जुनी हार्ड डिस्क पुसूच नका

लॅपटॉप हळू होण्याचं कारण बऱ्याचदा विंडोज नसतं, फिरणारी जुनी हार्ड डिस्क असते. ती काढून एसएसडी बसवा आणि विंडोज एसएसडीवर टाका. वेग तर वाढतोच, पण दुसरा फायदा जास्त मोठा: जुनी डिस्क जशीच्या तशी तुमच्या कपाटात राहते. महिन्याभराने एखादी फाइल राहिली असं लक्षात आलं, तर यूएसबी केसिंगमध्ये घालून ती काढता येते.

डिस्क मात्र दुकानदाराकडे सोडून येऊ नका, मागून घ्या. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर नक्कीच. त्यात गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, बँक पासबुक स्कॅन केलेले असतात. ती जबाबदारी तुमची आहे.

३. बॅकअपची यादी

"डी ड्राइव्हला सगळं आहे" यावर विसंबू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे तिन्ही साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात. कागदावर यादी करा आणि एकेक टिक करा:

- टॅली: टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या. डेटाचं फोल्डरही वेगळं कॉपी करा. सिरियल नंबर आणि टॅली डॉट नेट आयडी लिहून ठेवा, लायसन्स सरेंडर करा.
- मराठी फॉन्ट: श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फॉन्ट विंडोजच्या आत असतात. ते गेले की जुनी बिलं, पत्रं इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतात. फॉन्टचं फोल्डर कॉपी करा, सॉफ्टवेअरची सीडी किंवा डोंगल शोधून ठेवा.
- पासवर्ड: क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड गुगल खात्याशी सिंक झालेत का ते बघा.
- डिजिटल सही: सर्टिफिकेट यूएसबी टोकनमध्ये असतं, फॉरमॅटने जात नाही. नंतर फक्त ड्रायव्हर टाकावा लागतो. टोकन 'इनिशियलाइझ' करू नका, सही पुसली जाईल.

बॅकअप झाला म्हणजे काम झालं असं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा आणि एका पार्टीचं लेजर उघडून शेवटची बाकी जुळवा. जुळली तरच पुढे जा.

४. दिवस आणि लाइट

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी असतं. त्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. आडत असेल तर दसरा-दिवाळीत, सोयाबीनची आवक जोरात असताना तर नकोच. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक गेलेली असते. मध्येच लाइट गेली तर काम अर्धवट अडकतं, म्हणून लॅपटॉप इन्व्हर्टरच्या लाइनवर लावून बसा.

५. विंडोज टाकताना

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जातं. फाइल फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. क्रॅक केलेल्या विंडोजवर बँकेचं नेट बँकिंग चालवणं म्हणजे गल्ल्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं.

लॅपटॉपसोबत मूळचं विंडोज १० आलं असेल तर की बहुधा मदरबोर्डमध्येच असते. आधी सेटिंगमध्ये बघून घ्या: होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो? तीच आवृत्ती टाका. की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा. इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं, वेगळे पैसे द्यायची गरज नाही.

बूट मेनूसाठी डेल आणि लेनोवोवर साधारण एफ१२, एचपीवर एफ९ दाबा.

६. झाल्यावर

क्रम लक्षात ठेवा: आधी विंडोज अपडेट, मग ड्रायव्हर, मग फॉन्ट आणि प्रिंटर, मग टॅली, शेवटी डिजिटल सहीचा टोकन आणि अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस. मग एक बिल छापा, एकदा पोर्टलवर लॉगिन करा. पुढचं रिटर्न नीट भरलं जाईपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका.

आणि हो, लॅपटॉप नवा झाला तरी बॅकअपची सवय नवीच लावावी लागते. दर शनिवारी दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या मुद्द्यातली यादी आजच कागदावर उतरवा. लॅपटॉप उद्या बंद पडला तरी ती कामी येईल. भेटूया पुढच्या भागात!