गोणीला अंगठा, खातेवहीला काहीच नाही

युरियाची एक गोणी घ्यायची तर शेतकऱ्याला पॉस मशिनवर अंगठा लावावा लागतो. अनुदानित खतासाठी ही पद्धत २०१८ पासून देशभर लागू आहे. त्याच काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये गावोगावची लाखोंची उधारी असते, आणि तिला हात घालणाऱ्याची ओळख कुणी विचारतंच असं नाही. सोयगावातल्या एका कृषी सेवा केंद्रात हे ध्यानात आलं ते वसुलीच्या दिवसांत.

अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेला खानदेशाला लागून असलेला हा तालुका कापसाचा. जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर उचलायचं आणि दिवाळीनंतर कापूस विकला की खातं मिटवायचं, अशी इथली जुनी रीत. एक शेतकरी पैसे घेऊन आला, तर स्क्रीनवर त्याची बाकी शून्य. "शेठ, माझे पैसे द्यायचे राहिलेत," असं त्यानेच सांगितलं म्हणून गोष्ट कळली. मग बाकीची खाती उघडली, तर आणखी काही ठिकाणी आकडे हललेले.

शेठने तंत्रज्ञाला बोलावलं. या गावाला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जळगाव जवळ, त्यामुळे दुरुस्तीवाला त्याच बाजूचा. दुकानात तीन कॉम्प्युटर होते: काउंटर, गोडाऊन आणि शेठची केबिन. बिलिंगचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालणारं, डेटा केबिनमधल्या मशिनवर आणि बाकी दोन मशिन राउटरमार्फत त्याला जोडलेली. "कोणी केलं एवढंच सांग," शेठ म्हणाला. तंत्रज्ञाने लॉग उघडला. सर्व्हर कधी चालू झाला, कधी बंद झाला, यापलीकडे त्यात कामाचं काही नव्हतं. कोण जोडलं गेलं हे टिपण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये असते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

मग त्याने डेटाच्या फोल्डरमधली पीजी-एचबीए-डॉट-कॉन्फ ही फाइल उघडली. पोस्टग्रेस कुणाला आत घेणार, ते ही साधी मजकुराची फाइल ठरवते. प्रत्येक ओळीत क्रमाने जोडणीचा प्रकार, डेटाबेस, युजर, पत्ता आणि ओळख पटवण्याची पद्धत. इथे एक ओळ अशी होती: होस्ट, ऑल, ऑल, ०.०.०.०/०, ट्रस्ट. म्हणजे कुठल्याही पत्त्यावरून, कुठल्याही नावाने, कुठल्याही डेटाबेसमध्ये या, पासवर्ड नको. "मी पोस्टग्रेस आहे" असं म्हणणाऱ्याला सर्व्हर सर्वाधिकारी युजर मानतो. सेल्समनचे फोन त्याच वाय-फायवर होते.

गंमत अशी, की त्या ओळीच्या खाली नीट लिहिलेली ओळही होती: दुकानाचा पत्त्यांचा पट्टा, शेवटी पासवर्ड मागणारी पद्धत. पुढे कधीतरी कुणाला तरी शहाणपण सुचलं असणार. पण ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ सापडली की निकाल तिथेच लागतो. खालच्या ओळीपर्यंत गाडी कधी पोचलीच नाही. उलट एकही ओळ जुळली नाही, तर सर्व्हर नकार देतो. क्रमाचा हा नियम ज्याला माहीत नाही, त्याने या फाइलला हात लावू नये, असं तो तंत्रज्ञ आता स्पष्ट सांगतो.

ती पहिली ओळ लिहिणाऱ्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे. त्याची अडचण खरी होती. वीज जाते, राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि काउंटरच्या मशिनला कधी कधी वेगळाच पत्ता मिळतो. फाइलमध्ये जुना पत्ता, म्हणून सॉफ्टवेअर "या होस्टसाठी नोंद नाही" असं सांगून थांबतं, आणि काउंटरवर रांग लागलेली असते. अशा वेळी ट्रस्टची ओळ दोन मिनिटांत सुटका करते. खरा उपाय राउटरमध्ये आहे: प्रत्येक मशिनसाठी पत्ता राखून ठेवायचा. मग फाइलमध्ये १९२.१६८.१.०/२४ असा २५६ पत्त्यांचा पट्टा लिहावा लागत नाही. प्रत्येक मशिनचा पत्ता /३२ लावून स्वतंत्र लिहिता येतो. गिऱ्हाइकांच्या आणि पोरांच्या फोनसाठी गेस्ट वाय-फाय वेगळं.

इथे तंत्रज्ञाने तसंच केलं. ट्रस्टच्या ठिकाणी स्क्रॅम-शा-२५६ लिहिलं. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आलेली ही पद्धत २०२१ च्या चौदाव्यापासून मूळ सेटिंगमध्येच आहे. जुन्या डेटाबेसला ती लावताना एक खोच असते. पासवर्ड पूर्वी एमडी-५ पद्धतीने साठवलेला असेल, तर नुसती फाइल बदलून लॉगिन होत नाही. साठवण्याचं सेटिंग बदलून पासवर्ड नव्याने द्यावा लागतो. सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर फार जुना असेल तर 'पद्धत क्रमांक १० चालत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. तेव्हा ड्रायव्हर बदलायचा, ट्रस्टकडे परतायचं नाही.

सर्वाधिकारी पोस्टग्रेस युजरला त्याने नेटवर्कवरून बंदी घातली. सगळ्या पत्त्यांसाठी रिजेक्टची ओळ सर्वांत वर टाकली असती तर खुद्द केबिनमधल्या मशिनवरचं लॉगिनही अडलं असतं, कारण मशिन स्वतःशीच बोलताना वापरतं तो १२७.०.०.१ हा पत्ताही 'सगळ्या'तच येतो. म्हणून आधी त्याची ओळ, मग रिजेक्ट, मग बाकीच्या. लिनक्सवर फाइल बदलली की सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगावं लागतं. विंडोजवर पुढच्या नव्या जोडणीपासून बदल आपोआप लागू होतो, त्यामुळे चूकही लगेच लागू होते. पीजी-एचबीए-फाइल-रूल्स हा तक्ता विचारला की चुकीची ओळ कुठे आहे ते दिसतं.

लॉगमध्ये आता प्रत्येक जोडणीचा पत्ता आणि युजर उमटतो, डेटा बदलणाऱ्या आज्ञाही उमटतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर तिन्ही मशिनवर एकाच युजरने जोडलं जात असलं, तरी पत्ते ठरलेले असल्याने कुठल्या मशिनवरून काय झालं हे कळतं.

राउटरमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. शेठला बाहेरगावाहून हिशेब दिसावा म्हणून पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२ थेट इंटरनेटवर उघडलेला. म्हणजे ट्रस्टची ती ओळ जगालाच आमंत्रण देत होती. हे घाबरवायला सांगितलेलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि जागोजागी खंडणीची चिठ्ठी ठेवलेली सापडली. डिसेंबर २०२० मध्ये समोर आलेलं पीजीमायनर तर पोस्टग्रेसचेच पासवर्ड फोडून त्या सर्व्हरवर क्रिप्टो चलन खणायला लावत असे. पोर्ट बंद झाला, शेठला व्हीपीएन दिलं गेलं.

आकडे कुणी हलवले ते मात्र कळलं नाही. आतला माणूस की बाहेरचा, हेही सांगता येत नव्हतं. पोरांवर संशय घेऊन शेठने चौकशी केली, दुकानातलं वातावरण बिघडलं, आणि शेवटी हिशेब जुळवला तो कार्बनच्या बिलबुकावरून, एकेक पावती काढून.

तुमच्या दुकानात, पतसंस्थेत किंवा दवाखान्यात असं सॉफ्टवेअर असेल, तर ते बसवणाऱ्याला ही फाइल तुमच्यासमोर उघडायला सांगा. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वाचा. नेटवर्कच्या ओळीत तिथे ट्रस्ट दिसलं, तर आधी बॅकअप घ्यायला लावा आणि ती ओळ त्याच दिवशी बदलून घ्या.